एक साखळी, दोन राष्ट्रे : मेजर लीग सॉकरच्या संघटनात्मक रचनेचा परिचय

प्रस्तावना

जागतिक फुटबॉलचा कारभार राष्ट्र या घटकावर उभा आहे. 'फिफा' या सर्वोच्च संस्थेचे २११ सदस्य म्हणजे २११ राष्ट्रीय महासंघ होत. क्लब हा महासंघाचा घटक, खेळाडूची नोंदणी महासंघाकडे आणि साखळी स्पर्धा भरवावयाची ती महासंघाच्या मान्यतेने व त्याच्याच हद्दीत, असा हा सर्वसाधारण क्रम आहे. या क्रमाला अपवाद नाहीत असे नाही. मोनॅकोचा क्लब फ्रान्सच्या साखळीत खेळतो. वेल्समधील कार्डिफ व स्वान्सी हे क्लब इंग्लंडच्या साखळीत आहेत. उत्तर आयर्लंडमधील डेरी सिटी १९८५ पासून आयर्लंड प्रजासत्ताकाच्या साखळीत सामील झाला. तर न्यूझीलंडचा वेलिंग्टन फिनिक्स ऑस्ट्रेलियाच्या साखळीत खेळतो. मात्र या ठिकाणी क्लबांची स्थिती शेजारच्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखी आहे. कोठे देश चिमुकला म्हणून, कोठे इतिहासाचा गुंता म्हणून, कोठे घरच्या मैदानात तुल्यबळ प्रतिस्पर्धी नाहीत म्हणून ही सोय झालेली आहे.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या दोन देशांत पसरलेली मेजर लीग सॉकर, संक्षेपाने एमएलएस, ही याहून निराळ्या जातीची संस्था आहे. २०२५ च्या हंगामात तिच्यात ३० संघ होते. त्यांपैकी २७ अमेरिकेत आणि टोरोंटो, व्हँकुव्हर व मॉन्ट्रियल हे तीन कॅनडात. कॅनडातील संघ येथे पाहुणे म्हणून आलेले नाहीत. रीतसर शुल्क भरून, मालकीत वाटा घेऊन आणि दोन्ही देशांच्या महासंघांच्या संमतीने ते आले आहेत. विशेष म्हणजे ही लीग कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र क्लबांचा समूह नसून एकच कंपनी आहे. संघांमधील आर्थिक चढाओढ नाहीशी करण्यासाठी जी कंपनी रचली गेली, तिच्या मधोमध एक आंतरराष्ट्रीय सीमा आली म्हणजे काय घडते, हा प्रश्न क्रीडा, व्यवस्थापन, कायदा आणि राज्यशास्त्र या चारही शाखांच्या अभ्यासकांना विचार करावयास लावणारा आहे.

पूर्वपीठिका

दोन देशांना एका साखळीत गुंफण्याची कल्पना उत्तर अमेरिकेत नवी नाही. नॅशनल हॉकी लीग ही १९१७ साली कॅनडातच, मॉन्ट्रियल येथे स्थापन झाली आणि १९२४ मध्ये बोस्टनच्या रूपाने तिच्यात पहिला अमेरिकी संघ आला. बेसबॉलच्या प्रमुख साखळीत मॉन्ट्रियलचा संघ १९६९ पासून २००४ पर्यंत होता, टोरोंटोचा १९७७ पासून आहे. बास्केटबॉलने १९९५ मध्ये टोरोंटो व व्हँकुव्हर येथे संघ दिले. व्हँकुव्हरचा संघ २००१ मध्ये अमेरिकेत हलला. या तिन्ही खेळांत व्यावसायिक लीग हीच व्यवहारात सार्वभौम असते. सामना कोठे खेळवावा, खेळाडू कोणत्या देशाचा असावा याबाबत तिला कोणत्याही राष्ट्रीय महासंघाची फारशी पर्वा करावी लागत नाही. फुटबॉलमध्ये मात्र वर महासंघ, त्याच्या वर खंडाची संघटना आणि तिच्याही वर 'फिफा' अशी उतरंड आहे. सीमा ओलांडणे येथे अधिक जिकिरीचे ठरते ते यामुळे.

फुटबॉलमधील पहिला मोठा प्रयोग म्हणजे १९६८ ते १९८४ या काळातील नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग. पेले यांनी १९७५ ते १९७७ या काळात न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळून या लीगला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली. १९७६ चे विजेतेपद टोरोंटोच्या, तर १९७९ चे व्हँकुव्हरच्या संघाने मिळवले, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एका वेळी या लीगमध्ये २४ संघ होते. परंतु प्रत्येक मालक आपल्या ऐपतीप्रमाणे, आणि बरेचदा ऐपतीबाहेरही, खर्च करीत गेला. कॉसमॉससारख्या एका धनाढ्य संघाची बरोबरी करू पाहणारे बाकीचे संघ एकामागून एक बुडाले आणि १९८४ च्या हंगामानंतर लीगच संपुष्टात आली.

१९९४ ची विश्वचषक स्पर्धा अमेरिकेला देताना 'फिफा'ने तेथे प्रथम श्रेणीची व्यावसायिक साखळी उभी करण्याची अपेक्षा ठेवली होती. त्यानुसार १९९३ च्या अखेरीस एमएलएसची घोषणा झाली आणि ६ एप्रिल १९९६ रोजी सॅन होजे येथे पहिला सामना झाला. आरंभी संघ दहा होते आणि सर्व अमेरिकेतच. आधीच्या लीगचे प्रेत अद्याप डोळ्यांपुढे असल्याने संस्थापकांनी रचनेचा विचार केला तो उत्पन्नापेक्षा खर्चाच्या बाजूने.

एकच कंपनी, अनेक चालक

या विचारातून जी रचना निघाली ती समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुढील सारे प्रश्न तिच्यातूनच उद्भवतात. युरोपात क्लब ही स्वतंत्र संस्था असते आणि लीग हे क्लबांनी मिळून चालविलेले मंडळ असते. एमएलएसमध्ये हा क्रम उलटा आहे. लीग ही मर्यादित दायित्वाची एक कंपनी आहे. गुंतवणूकदार क्लब विकत घेत नाही. तो या कंपनीत भागधारक होतो आणि त्या बदल्यात एखाद्या शहरातील संघ 'चालविण्याचा' अधिकार त्यास मिळतो. म्हणूनच या मंडळींना 'गुंतवणूकदार-चालक' असे म्हटले जाते. प्रशिक्षक नेमणे, संघनिवड, स्थानिक तिकीटविक्री, मैदानाची व्यवस्था ही कामे चालकाची. खेळाडूशी करार मात्र लीग करते. दूरचित्रवाणीचे मुख्य हक्क लीग विकते आणि संघाच्या वेतनाचे अंदाजपत्रकही लीगच ठरवते.

भारतीय वाचकास आयपीएलचा लिलाव परिचित आहे. तेथे बोली फ्रँचायझी लावते आणि मानधनही तीच देते. एमएलएसमधील खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात गेला तरी त्याचा करार ज्या कंपनीशी होता तिच्याशीच राहतो. एकत्र कुटुंबात चुली वेगळ्या पण तिजोरी एक, असा प्रकार असतो, त्याच्याशी ही व्यवस्था काहीशी जुळते. मात्र चुलीवर काय शिजवावे आणि त्यास किती खर्च यावा, हेही येथे बव्हंशी तिजोरीच ठरवते.

खेळाडूंना अर्थातच हे मानवले नाही. एकच मालक म्हणजे वेतनासाठी घासाघीस करण्यास जागाच नाही. १९९७ मध्ये काही खेळाडूंनी बोस्टनच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. स्वतंत्र उद्योजकांनी संगनमत करून मजुरीचा दर पाडणे हे अमेरिकेच्या स्पर्धाविषयक कायद्याने निषिद्ध आहे, आणि 'एक कंपनी' हा केवळ मुखवटा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २००० मध्ये खेळाडू हरले आणि २००२ मध्ये अपील न्यायालयानेही त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. तथापि अपील न्यायालयाने लीगला निखळ एक कंपनी मानले नाही. एक कंपनी आणि स्पर्धकांची सहकारी व्यवस्था या दोहोंमधील हा एक संमिश्र प्रकार आहे, असे त्याचे निरीक्षण होते. या निरीक्षणाचे मोल निकालापेक्षा कमी नाही. चालकांचे हितसंबंध एक असतातही आणि नसतातही, ही गोष्ट त्यात मान्य झाली. खेळाडूंची संघटना पुढे २००३ मध्ये स्थापन झाली व तिने सामूहिक कराराचा मार्ग धरला.

ही रचना नसती तर लीग जगली असती का, हा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे. २००१ च्या हंगामानंतर फ्लोरिडातील दोन संघ बंद करावे लागले आणि संघसंख्या बारावरून पुन्हा दहावर आली. त्या काळात फिलिप अँशुत्झ यांच्या कंपनीकडे एकाच वेळी सहा संघ होते. लमार हंट आणि रॉबर्ट क्राफ्ट हे दुसरे दोन मालक. अवघ्या तीन मालकांच्या खांद्यावर लीग तग धरून होती. ज्या साखळीत एकाच मालकाचे दोन संघ परस्परांशी खेळतात, तिच्या निकालांवर युरोपात कोणी विश्वास ठेवला नसता. एमएलएसमध्ये हे चालून गेले, कारण कागदोपत्री तेथे सर्वच संघांचा मालक एक होता.

वेतनमर्यादा हे या रचनेचे दुसरे अंग. २०२५ मध्ये एका संघाचे वेतन-अंदाजपत्रक ५९ लाख ५० हजार अमेरिकी डॉलर इतके होते. युरोपातील एखाद्या नामांकित खेळाडूचे वर्षाचे वेतनही याहून अधिक असते. मग डेव्हिड बेकहॅम किंवा लिओनेल मेस्सी तेथे कसे आले? त्यासाठी २००७ मध्ये 'विशेष नियुक्त खेळाडू' हा नियम करण्यात आला. अशा खेळाडूच्या वेतनाचा ठरावीक भाग तेवढा अंदाजपत्रकात धरला जातो, बाकीची रक्कम चालक स्वतःच्या खिशातून देतो. पुढे या नियमाला पोटनियम जोडले गेले, निधीचे निरनिराळे प्रकार आले. आज या नियमावलीचे स्वरूप आयकर कायद्याइतके गुंतागुंतीचे झाले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे बढती-घसरण नाही. शेवटचा संघ खालच्या श्रेणीत जात नाही आणि खालच्या श्रेणीतील विजेता वर येत नाही. प्रवेशाचा मार्ग एकच, तो म्हणजे शुल्क. टोरोंटोने २००७ च्या प्रवेशासाठी १ कोटी डॉलर मोजले. व्हँकुव्हरने साडेतीन कोटी, मॉन्ट्रियलने चार कोटी आणि २०२५ मध्ये आलेल्या सॅन दिएगोने ५० कोटी. अशा बंदिस्त साखळीचे परिणाम आपल्याकडेही दिसून आले आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग याच तत्त्वावर उभी राहिली. तिच्याकडे सर्वोच्च स्थान जाणार आणि आपल्याला मात्र खेळून वर जाण्याचा मार्ग उरणार नाही, हे दिसताच साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा या जुन्या गोमंतकीय क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. आय-लीगच्या विजेत्याला वर घेण्याची वाट पंजाबच्या क्लबच्या निमित्ताने २०२३ मध्ये उघडली. कॅनडात मात्र असा संघर्ष उद्भवला नाही. कारण एमएलएस तेथे पोहोचली तेव्हा देशव्यापी प्रथम श्रेणीची साखळी अस्तित्वातच नव्हती.

सीमेपलीकडील प्रवेश आणि दोन महासंघ

टोरोंटो एफसी २००७ मध्ये, व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स २०११ मध्ये आणि मॉन्ट्रियल इम्पॅक्ट २०१२ मध्ये एमएलएसमध्ये दाखल झाले. यांतील शेवटच्या क्लबने २०२१ मध्ये नाव बदलून फ्रेंच धाटणीचे 'क्लब द फूट मॉन्ट्रियल' असे घेतले. टोरोंटोच्या प्रवेशाने लीगला जे मिळाले ते शुल्काहून मोठे होते. तेथील तुडुंब भरलेल्या, गाणाऱ्या प्रेक्षागारांनी अमेरिकेतील चालकांना आपला प्रेक्षक कोण आहे हे नव्याने दाखवून दिले. तोवर उपनगरातील मुलाबाळांसह येणारे कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून सारी जाहिरात होत असे.

संघटनेच्या दृष्टीने पाहता एमएलएसला मान्यता देणारी मूळ संस्था अमेरिकेचा महासंघ आहे. त्याच्या प्रथम श्रेणीच्या निकषांत लीगचे किमान ७५ टक्के संघ अमेरिकेत असावेत अशी अट आहे. म्हणजे कॅनडाचा वाटा किती वाढू शकतो याची मर्यादा अमेरिकेच्या महासंघाच्या नियमातच आखलेली आहे. कॅनडातील तीन क्लब मात्र कॅनडाच्या महासंघाचे सदस्य राहतात, त्यांच्या खेळाडूंची नोंदणी तेथेच होते. यातून एक चमत्कारिक स्थिती निर्माण होते. टोरोंटोचा खेळाडू सिॲटलला दिला, तर कंपनीच्या वहीत ती एका विभागातून दुसऱ्या विभागात झालेली बदली असते. 'फिफा'च्या वहीत मात्र तो दोन महासंघांमधील आंतरराष्ट्रीय हस्तांतराचा व्यवहार असतो आणि त्याला तसे प्रमाणपत्र लागते.

साखळीच्या जोडीने होणाऱ्या चषक स्पर्धांत ही सीमा अधिक ठळक होते. अमेरिकेतील संघ १९१४ पासून चालत आलेल्या यूएस ओपन कपसाठी पात्र असतात. कॅनडातील संघांना तेथे प्रवेश नाही. त्यांच्यासाठी २००८ पासून कॅनेडियन चॅम्पियनशिप ही वेगळी स्पर्धा आहे. तिच्या विजेत्यास उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागाच्या क्लब स्पर्धेत स्थान मिळते. दीर्घकाळ कॅनडाच्या क्लबांना या विभागीय स्पर्धेचा हाच एक दरवाजा होता. साखळीत अव्वल येऊनही त्यांना तिकडून जाता येत नसे, कारण साखळीच्या वाट्याच्या जागा अमेरिकेच्या महासंघाच्या मानल्या जात. टोरोंटोने २०१७ मध्ये साखळीतील सर्वाधिक गुणांची ढाल, अंतिम विजेतेपद आणि कॅनडाचा चषक ही तिन्ही पदके एकाच वर्षी जिंकल्याने हा पेच त्या वर्षी प्रत्यक्षात उद्भवला नाही, इतकेच. या बाबतीत वेलिंग्टन फिनिक्सशी तुलना उद्बोधक ठरते. ऑस्ट्रेलिया आशियाई संघटनेत आणि न्यूझीलंड ओशनियाच्या संघटनेत असल्याने वेलिंग्टनला आशियाई क्लब स्पर्धेचे दार बंदच आहे. अमेरिका व कॅनडा एकाच खंडीय संघटनेत आहेत, ही एमएलएसच्या पथ्यावर पडलेली गोष्ट होय.

'देशी' खेळाडू कोण?

या साऱ्या रचनेतील सर्वांत नाजूक प्रश्न खेळाडूच्या राष्ट्रीयत्वाचा आहे. एमएलएसच्या नियमांत संघातील खेळाडूंचे 'देशी' आणि 'आंतरराष्ट्रीय' असे दोन वर्ग पाडलेले आहेत. प्रत्येक संघाला मुळात आठ आंतरराष्ट्रीय जागा मिळतात आणि त्यांची संघांमध्ये देवाणघेवाणही होते. म्हणजे परदेशी खेळाडू घेण्याची जागा हीच एक विकाऊ वस्तू असते. जागा मोजक्या असल्यामुळे सर्वसामान्य दर्जाचा खेळाडू घेताना प्रशिक्षक प्रथम विचारतो तो हा की याला घेतल्याने ती जागा खर्च होईल काय. ज्याच्यामुळे ती खर्च होत नाही, त्याला काम मिळण्याचा संभव वाढतो. या वर्गीकरणात तरुण खेळाडूचे भवितव्य गुंतलेले असते ते असे.

एक लीग, एक कंपनी, एकच करारदाता असताना तर्काने पाहिले तर दोन्ही देशांचे नागरिक सर्वत्र देशी मानले जावयास हवे होते. प्रत्यक्षात नियम एकतर्फी झाला. कॅनडातील संघांत अमेरिकी आणि कॅनेडियन हे दोघेही देशी. शिवाय किमान तीन कॅनेडियन खेळाडू ठेवण्याचे बंधन. अमेरिकेतील संघांत मात्र अमेरिकी नागरिक व तेथील कायम रहिवासी हे देशी, आणि कॅनेडियन परदेशी. याचा अर्थ असा की अमेरिकी युवकासाठी लीगमधील सर्व संघांचे दार सारखेच उघडे होते. कॅनेडियन युवकासाठी मात्र तीनच संघांत ते मोकळेपणाने उघडत होते. अन्यत्र त्याला ब्राझील किंवा अर्जेंटिनातील खेळाडूशी त्याच मोजक्या जागांसाठी झुंजावे लागे.

याचे समर्थन करताना लीगने अमेरिकेच्या कामगार कायद्याकडे बोट दाखविले. एका परदेशाच्या नागरिकांना दुसऱ्या परदेशाच्या नागरिकांपेक्षा झुकते माप दिले तर तो राष्ट्रीयत्वाच्या आधारे केलेला भेदभाव ठरू शकतो, असा तो युक्तिवाद होता. युक्तिवाद पोकळ नाही. परंतु तो दहा वर्षे पुरेसा वाटला आणि मग मार्ग निघाला, याचाही विचार झाला पाहिजे. २०१७ च्या हंगामापासून जो तोडगा अमलात आला, त्यात 'कॅनेडियन' या शब्दाऐवजी प्रशिक्षणाचा निकष पुढे करण्यात आला. ठरावीक वयाच्या आत लीगच्या किंवा तिने मान्य केलेल्या कॅनडातील अकादमीत दाखल झालेला आणि पहिला व्यावसायिक करार लीगशी किंवा तिच्या संलग्न संघाशी केलेला खेळाडू अमेरिकेतील संघांतही देशी मानला जाऊ लागला. जन्माऐवजी जडणघडण हा आधार घेतल्याने कायद्याची अडचण दूर झाली. मात्र सवलत मिळाली ती अकादमीच्या वाटेने आलेल्यांनाच. जो उशिरा उमलला, किंवा जेथे अकादमी नाही अशा गावातून आला, तो कॅनेडियन युवक अमेरिकेतील संघांच्या लेखी परदेशीच राहिला.

अल्फोन्सो डेव्हिस यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. घाना देशातील निर्वासितांच्या छावणीत लायबेरियन मातापित्यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. बालपणी ते कॅनडातील एडमंटन येथे आले, व्हँकुव्हरच्या अकादमीत घडले आणि त्या संघातून खेळू लागल्यानंतर, २०१७ मध्ये, त्यांना कॅनडाचे नागरिकत्व मिळाले. २०१८ मध्ये बायर्न म्युनिकने त्यांना घेतले, तेव्हा ते हस्तांतर लीगच्या इतिहासातील विक्रमी किमतीचे ठरले. एका निर्वासित मुलाला कॅनडाने वाढविले, व्हँकुव्हरने शिकविले आणि त्याचा करार ज्या कंपनीच्या नावे होता ती अमेरिकेतील होती. १९८६ नंतर थेट २०२२ मध्ये विश्वचषकाला पात्र ठरलेल्या कॅनडाच्या संघात डेव्हिस होते. अमेरिकी कंपनीच्या अकादम्यांनी शेजारच्या राष्ट्राचा संघ घडविला, असे म्हणता येईल. आपली साखळी आपल्या हाती नसल्याने कॅनडाच्या महासंघाला किमान तीन खेळाडूंच्या नियमावर समाधान मानावे लागले, असेही म्हणता येईल. दोन्ही विधाने खरी आहेत. या दुसऱ्या जाणिवेतूनच २०१९ मध्ये कॅनेडियन प्रीमियर लीग ही स्वतंत्र देशी साखळी सुरू झाली. एमएलएसमधील तीन मोठे संघ तिच्याकडे वळले नाहीत.

चलन आणि अंतर

वेतनाचे अंदाजपत्रक अमेरिकी डॉलरमध्ये ठरते, टोरोंटोतील तिकीट मात्र कॅनडाच्या डॉलरमध्ये विकले जाते. टोरोंटो लीगमध्ये आला त्या २००७ साली दोन्ही डॉलर बरोबरीला आले होते. जानेवारी २०१६ मध्ये कॅनडाचा डॉलर ७० अमेरिकी सेंटच्याही खाली गेला. वेतनमर्यादा सर्वांना सारखी असली तरी ती गाठण्यासाठी लागणारा घाम सारखा नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये व्हँकुव्हरच्या मालकांनी क्लब विक्रीस काढल्याचे जाहीर केले, तेव्हा तेथील प्रेक्षकांना या प्रश्नाचे गांभीर्य नव्याने जाणवले. गंमत अशी की त्यानंतरचेच २०२५ हे वर्ष मैदानावर त्या संघाचे सर्वोत्तम ठरले. विभागीय क्लब स्पर्धेची आणि साखळीची अशा दोन्ही अंतिम फेऱ्या त्याने गाठल्या, आणि दोन्ही गमावल्या.

व्हँकुव्हर ते मायामी हे अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर आहे आणि घड्याळात तीन तासांचा फरक आहे. सर्वांनी सर्वांशी दोनदा खेळावे हा युरोपीय क्रम येथे अशक्य आहे. म्हणून पूर्व व पश्चिम असे प्रत्येकी १५ संघांचे दोन विभाग पाडलेले आहेत. विभागांची रेषा उत्तर-दक्षिण जाते, राष्ट्रसीमा पूर्व-पश्चिम. त्यामुळे टोरोंटो व मॉन्ट्रियल पूर्वेत आणि व्हँकुव्हर पश्चिमेत येतो. २०२५ मध्ये प्रत्येक संघ आपल्या विभागातील १४ संघांशी दोनदा आणि दुसऱ्या विभागातील सहा संघांशी एकदा असे ३४ सामने खेळला. त्यानंतर १८ संघांची बाद फेरी झाली. अर्थात गुणतक्त्यात अव्वल येणारा संघ आणि विजेता संघ एकच असेल असे नाही.

सीमा बंद झाली तेव्हा

या रचनेची खरी कसोटी २०२० मध्ये लागली. करोना महामारीमुळे २१ मार्च २०२० पासून दोन्ही देशांमधील सीमा अत्यावश्यक नसलेल्या प्रवासासाठी बंद झाली. उन्हाळ्यात फ्लोरिडातील ऑरलँडो येथे सर्व संघांना एकाच संकुलात ठेवून एक स्पर्धा पार पडली. पुढे काही आठवडे कॅनडातील तीन संघ आपसातच खेळत राहिले. परंतु तीन संघांची साखळी होत नाही. अखेर तिघांनीही घर सोडले. टोरोंटोने कनेटिकट राज्यात, मॉन्ट्रियलने न्यू जर्सीत आणि व्हँकुव्हरने पोर्टलंडमध्ये 'घरचे' सामने खेळले. व्हँकुव्हर आणि पोर्टलंड यांचे मैदानावरील वैर जुने आहे. प्रतिस्पर्ध्याचेच मैदान उसने घेऊन त्याला यजमानपद भूषवावे लागले. २०२१ चा हंगाम तिघांनीही अमेरिकेतच सुरू केला. टोरोंटो ऑरलँडोत, मॉन्ट्रियल फोर्ट लॉडरडेलमध्ये, व्हँकुव्हर युटा राज्यात. पहिले दोन संघ जुलै २०२१ मध्ये आणि व्हँकुव्हर ऑगस्टमध्ये स्वगृही परतले.

या काळात अमेरिकेतील एकाही संघाला सीमेपायी घर सोडावे लागले नाही. गणिताने पाहता हे साहजिक होते, कारण २३ संघांनी तीन संघांकडे जाण्यापेक्षा तिघांनी येणे सोपे. पण कुटुंबापासून महिनोन्महिने दूर हॉटेलात राहणाऱ्या खेळाडूला हे गणित पुरेसे उत्तर देत नाही. वेतनमर्यादा, प्रसारण हक्कांची विक्री, खेळाडूंची विभागणी या सर्व बाबतींत 'एक कंपनी' हे तत्त्व भार वाटून घेण्यासाठी पुढे केले जाते. सीमेचा भार मात्र ज्याच्या दारात सीमा त्याच्याच माथी राहिला.

हाच प्रश्न आता ऋतुमानाच्या रूपाने पुन्हा उभा राहिला आहे. एमएलएसचा हंगाम आरंभापासून वसंतात सुरू होऊन हिवाळ्याच्या तोंडाशी संपत आला. युरोपीय वेळापत्रकाशी जुळवून घेण्यासाठी २०२७ पासून तो जुलैच्या मध्यावर सुरू करून पुढील मेअखेर संपविण्याचा आणि मध्ये डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत विश्रांती ठेवण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. व्हँकुव्हरचे बीसी प्लेस हे छत असलेले मैदान आहे. टोरोंटोचे बीएमओ फील्ड उघडे आहे. तेथे डिसेंबर २०१६ चा अंतिम सामना गोठणबिंदूखालील तापमानात झाला होता. मॉन्ट्रियलचे स्वतःचे मैदानही उघडेच आहे. थंडीच्या दिवसांत त्याला पूर्वी ज्याचा आसरा मिळे, त्या ऑलिम्पिक स्टेडियमचे छत बदलण्याचे काम २०२४ मध्ये हाती घेण्यात आले. तेव्हापासून हंगामाचे पहिले कित्येक सामने हा संघ सलग परगावीच खेळत आला आहे.